कृषी पर्यटन: आधी आईची मजुरी लिहा, मग नफा मोजा



शहरातली नोकरी सोडून गावी यायचं आणि आपल्या शेतावर कृषी पर्यटन सुरू करायचं, असं ठरवलेली बरीच शेतकऱ्यांची मुलं-मुली प्रशिक्षणात भेटतात. कल्पना चांगली आहे. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यात या कामाची सुरुवात केली. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची रीतसर नोंदणीही होते.

पण धंदा टिकतो तो हिशोबावर. आणि या हिशोबात एक खर्च हमखास राहून जातो, तो म्हणजे घरच्या बायकांची मजुरी. पाहुणे तुमच्या हुरड्याला येतात, पण पुन्हा येतात ते पिठलं-भाकरीसाठी. ती भाकरी थापतं कोण? आई आणि वहिनी. त्यांचा रोज वहीत लिहिलाच जात नाही.

चला, नमुना हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. एक दिवसाची सहल, माणशी ८०० रुपये.

२० पाहुणे आले, तर जमा १६,००० रुपये. खर्च असा:
- किराणा, भाजी, दूध (माणशी २२०): ४,४००
- दोन मजूर: १,०००
- आई आणि वहिनी, प्रत्येकी ७००: १,४००
- गॅस, वीज, पाणी, साफसफाई: १,२००
- बुकिंग आणणाऱ्याचं कमिशन १० टक्के: १,६००

एकूण खर्च ९,६००. शिल्लक ६,४००. छान!

आता ८ च पाहुणे आले समजा. जमा ६,४००. किराणा १,७६० आणि कमिशन ६४० वर येतं, बाकी खर्च तेवढाच. एकूण ६,०००. शिल्लक फक्त ४०० रुपये!

घरची मजुरी लिहिली नाही, तर हीच शिल्लक १,८०० दिसते आणि आपण खूश होतो. पण त्यातले १,४०० आई आणि वहिनीचे आहेत. तो नफा नाही, त्यांचा घाम आहे. सहा महिन्यांनी त्या थकल्या की केंद्र बंद पडतं, आणि आपण म्हणतो, "गावात काही चालत नाही."

पुढचं गणित. कर्जाचा हप्ता, जाहिरात, दुरुस्ती मिळून महिन्याला १८,००० आणि तुमचा पगार २५,००० धरा. एकूण ४३,०००. भागिले ६,४००, म्हणजे महिन्यात ७ दिवस पूर्ण भरायला हवेत. शनिवार-रविवार मिळून असतातच ८ ते १०. हुरडा थंडीपुरता, आंबा उन्हाळ्यापुरता. म्हणून मधल्या वारी शाळांच्या सहली आणा आणि शेती सोडू नका. पाहुणा शेत बघायलाच येतो ना!

तेव्हा तीन नियम पाळा:
१. किमान किती माणसं असतील तरच सहल घ्यायची, ते आधी ठरवा.
२. घरच्यांचा रोज त्याच संध्याकाळी हातात द्या किंवा खात्यावर टाका.
३. खोल्यांसाठी कर्ज नंतर. आधी एक हंगाम दिवसाच्या सहली करून बघा.

आजचा गृहपाठ: वही घ्या, आईजवळ बसा आणि विचारा, "वीस माणसांचा स्वयंपाक करायला किती वेळ लागतो गं?" तिचं उत्तर हिशोबाच्या पहिल्या ओळीत लिहा.