अनोळखी कोळी कसा ओळखाल?

पावसाळा सरत आला की खारेपाटण परिसरात काजूच्या बागेत किंवा भाताच्या बांधालगत तळहाताएवढा कोळी जाळ्यात दिसतो. काहीजण विषारी समजून त्याला मारतात, तर काहीजण कीड समजून फवारणी करतात. दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. भेंडी, वांगी यांच्या पानांतील रस शोषणारा लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो व त्याचे शरीर एकसंध असते. कोळीनाशक औषध त्याच्यासाठी आहे. जाळे विणणाऱ्या कोळ्याचे शरीर दोन भागांचे, मध्ये बारीक कंबर असलेले असते. पाय दोघांनाही आठच. हा दुसरा कोळी पिकाला तोंड लावत नाही, किडी खातो.

ओळखताना जाळे, पोटाचा आकार, बसण्याची ढब व पाय या क्रमाने पाहावे.

१) सोनेरी जाळ्याचा कोळी (नेफिला पिलिपेस) : जाळे मोठे, उन्हात सोनेरी दिसणारे. मादी ३ ते ५ सें.मी., पोट लांबट, त्यावर पिवळ्या उभ्या रेघा. पाय लांब व काळे. त्याच जाळ्यातील ५-६ मि.मी.चा तांबूस कोळी हा नर असतो. ती वेगळी जात समजू नये.

२) नक्षीचा कोळी (आर्जिओपी) : जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी. पाय जोडीजोडीने फुलीसारखे ठेवून बसतो. पोटावर आडवे पट्टे.

३) काटेरी कोळी (गॅस्टेरॅकँथा) : पोट कडक, रुंद, कडेला सहा काटे.

४) लांब जबड्याचा कोळी (टेट्राग्नॅथा) : भातात आढळतो. अंग सडपातळ, जाळे बहुधा आडवे. पाय पुढे-मागे ताणून पानाला चिकटून बसतो.

केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये; पिल्लांचा रंग निराळा असू शकतो. कोळ्याचे वरून, खालून व जाळ्यासह छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी धरावी आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावे. कोळी हातात धरू नये. दाबला गेल्यास तो चावतो व दुखते, परंतु वरील कोळ्यांचा दंश सहसा गंभीर नसतो.

भातात सरसकट कीटकनाशके मारल्यास कोळी मरतात आणि तपकिरी तुडतुडे पुन्हा जोराने वाढतात. म्हणून पंप पाठीवर घेण्यापूर्वी चुडात किडी किती व कोळी किती, हे मोजावे आणि मगच फवारणीचा निर्णय घ्यावा.