ओरखडा आणि प्रकाश

१९४० सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांची घनघोर लढाई चालली होती. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात वैमानिकाच्या डोक्यावर पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे छत असे. त्यावर बारीकसा डाग राहिला, तर तो दूरच्या शत्रुविमानासारखा भासे. आणि ओरखड्यांवर ऊन चमकले, तर खरे विमान त्या झगमगाटात लपून जाई. म्हणून जमिनीवरील सेवक ही छते मोठ्या निगुतीने पुसून ठेवीत. त्या पुसण्यावर एका माणसाचे प्राण अवलंबून असत.

त्याच स्पिटफायरच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती आज अनेक देशांतील मुले आणि मोठी माणसे हौसेने जोडतात. मूळ विमानाच्या १/४८ आकाराची प्रतिकृती सुमारे १९ सेंटिमीटर लांब भरते. तिचे छत अंगठ्याच्या पेराएवढे असून ते बहुधा पॉलिस्टायरीन या कठीण पण ठिसूळ प्लास्टिकचे असते. जोडताना कानस निसटते आणि छतावर ओरखडा उठतो. कधी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ त्यावर बसते आणि सकाळी पाहावे, तो छत पांढुरके! कित्येक दिवसांची मेहनत वाया गेली, असे वाटून मूल हिरमुसते. कोणी तर ते छत रंगवूनच टाकतो.

परंतु प्लास्टिक आतून बिघडलेले नसते. बिघडतो तो केवळ त्याचा पृष्ठभाग. गुळगुळीत पृष्ठभागातून प्रकाशकिरण शिस्तीने पार जातात. ओरखड्याच्या चरात मात्र ते दाही दिशांना विखुरतात आणि तेथे पांढरेपणा दिसतो. खडीसाखरेचा स्वच्छ खडा कुटला की त्याची पांढरी पूड होते, तीही याच कारणाने.

खोल ओरखडा बुजवून भागत नाही. भोवतालचा पृष्ठभागच त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. प्रथम छत सौम्य साबणाच्या थंड पाण्याने धुवावे. मग आतून बोटाचा आधार देऊन, ओल्या घासपट्टीने ते हलक्या हाताने घासावे. या पट्ट्यांवर २४००, ४०००, ८०००, १२००० असे क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितके पट्टीवरील कण बारीक. प्रत्येक पट्टीबरोबर घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या रेषा गेल्या की राहिल्या, हे कळते. घाईने जोरात घासल्यास उष्णतेने प्लास्टिक मऊ पडते.

पहिल्या पट्टीनंतर छत पूर्वीपेक्षाही धुरकट होते. पुष्कळांचा धीर येथेच खचतो. पण एका मोठ्या ओरखड्याच्या जागी आता असंख्य लहान ओरखडे आलेले असतात. पुढील प्रत्येक पट्टी त्यांना अधिक लहान करते. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चर या लांबीहून पुष्कळच लहान झाले, की प्रकाशाला त्यांचा अडथळा होत नाही.

शेवटी प्लास्टिकचे पॉलिश मऊ सुती कापडावर घेऊन छत चोळावे. नंतर काही कारागीर ते फरशी चकाकविण्याच्या पारदर्शक ॲक्रिलिक द्रवात बुडवितात. त्याचा पातळ थर उरल्यासुरल्या रेषा भरून काढतो. वाळेपर्यंत त्यावर वाटी पालथी घालावी, म्हणजे धूळ बसत नाही. ॲसिटोन किंवा थिनर मात्र कधीही लावू नये. त्याने पॉलिस्टायरीन विरघळते. आतपर्यंत गेलेली चीर कोणत्याही उपायाने जात नाही.

अशा रीतीने उजळलेले छत जागेवर बसविले, की त्याच्या आडून वैमानिकापुढील इवल्या तबकड्या पुन्हा स्पष्ट दिसू लागतात. ओरखडे पूर्णपणे गेलेले नसतात. प्रकाशाला जाणवू नयेत इतके ते बारीक झालेले असतात.

शब्दार्थ : निगुतीने – काळजीपूर्वक, प्रतिकृती – हुबेहूब नमुना, चर – लांबट खाच.

अभ्यास
१. छतावरील डाग वैमानिकाला धोक्याचा का वाटे?
२. खडीसाखरेची पूड पांढरी का दिसते?
३. पहिल्या पट्टीनंतर छत अधिक धुरकट का होते?
४. ‘धीर खचणे’ व ‘वाया जाणे’ यांचा स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा.