समांतर शिकंजा कसा पारखावा

वर्ध्यास मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते. तेथे तेलघाणी सुधारण्याचे प्रयोग झाले. कारण साधन नीट असेल तरच कारागिराचे श्रम सार्थकी लागतात. सुतारकाम करणाऱ्या बंधूंस आम्ही हेच सुचवितो. सरसाने फळ्या जोडताना समांतर शिकंज्याचे दोन्ही जबडे दांड्याशी काटकोनात राहिले पाहिजेत. मोकळा शिकंजा सरळच दिसतो; म्हणून दुकानातच तो लाकडावर आवळून गुण्या लावावा. जबडे फाकल्यास घेऊ नये. त्याने जोड वाकतो. कर्जाने चार घेण्यापेक्षा रोखीने दोन चांगले घ्यावेत. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले आहे. आपल्या विश्वासाची पारखही दाब पडल्यावरच होते.