काचेच्या टाकीतले तळे

आम्ही पन्हाळ्याला राहतो. गडावरच्या सादोबा तलावापासून आमचे घर जवळ आहे. माझे मामू कोल्हापूरला असतात. त्यांच्या घरात काचेची एक टाकी आहे. तिच्यात मासे थोडे आणि झाडे जास्त! ती पाहून मलाही तशी टाकी करावीशी वाटली.

सप्टेंबर महिना होता. मी मित्रांबरोबर मसाई पठारावर गेलो. हे पठार जांभ्या खडकाचे आहे. पावसाळ्यात तेथे उथळ डबकी साचतात. त्यांच्या काठाने गेंदाची पांढरी आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुले उमलतात. मी सीतेच्या आसवांची बरीच रोपे उपटली आणि घरी आणून पाण्याच्या बरणीत लावली. चार दिवसांत ती काळी पडली.

रविवारी मामू आले. बरणी पाहून ते गप्प झाले. मग म्हणाले, "बेटा, पठारावर माती फार थोडी असते. तिच्यात झाडाला पुरेसे अन्न मिळत नाही. म्हणून ही वनस्पती आपल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. तिचे आयुष्य एका पावसाळ्याचे. तिचे बी तेथेच पडते आणि पुढच्या वर्षी उगवते. तू फुलासकट रोप आणलेस, म्हणजे पुढच्या वर्षीचे रोपही आणलेस."

"परत नेऊन लावू का?" मी विचारले.

"आता ती जगणार नाहीत."

मला फार वाईट वाटले.

पुढच्या खेपेला मामूंनी रोपवाटिकेतून ब्राह्मी आणली. ब्राह्मी विकत घेताना नीट पाहावे लागते, कारण वाटोळ्या पानांच्या मंडूकपर्णीलाही काही लोक ब्राह्मीच म्हणतात. आम्हांला हवी होती ती लहान, जाडसर पानांची नीरब्राह्मी. ती चिखलात वाढते आणि पाण्याखालीही जगते.

टाकीच्या तळाशी आम्ही तळ्यातल्या मातीचा पातळ थर दिला. त्यावर जाड वाळू पसरली. ही वाळू मी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली होती. हात अगदी दुखून आले! ब्राह्मीच्या फांद्यांची खालची पाने काढून त्यांची पेरे वाळूत खोचली. नळाचे पाणी एक दिवस बादलीत ठेवले होते. त्यातला क्लोरीन कमी झाल्यावर ते एका बशीवर हळूहळू ओतले, म्हणजे वाळू उडत नाही. टाकी खिडकीजवळ ठेवली, पण कडक उन्हात नाही. उन्हात शेवाळ माजते.

पहिल्या आठवड्यात काही पाने गळली. मी घाबरलो. पण नंतर शेंड्याला नवी, नाजूक पाने फुटली. दुपारी त्यांच्यावर प्राणवायूचे बुडबुडे दिसू लागले. महिन्याने आम्ही चार गप्पी मासे सोडले. १८५० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी असेच एका टाकीत ठेवले होते. गोगलगायी सडलेली पाने खात आणि पाणी स्वच्छ राही.

ब्राह्मी फार वाढली तेव्हा मी मामूंना विचारले, "टाकीतली जास्तीची झाडे सादोबा तलावात टाकू का?"

"मुळीच नको! जलपर्णीसुद्धा शोभेची म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून आपल्या देशात आली. पंचगंगेत तिने काय केले, ते तू पाहिले आहेस."

मी ते तुकडे कुंडीतल्या ओल्या मातीत लावले. टाकीतली एक फांदी मात्र पाण्याच्या वर आली आहे. काल तिला नखाएवढे फिकट जांभळे फूल आले.

शब्दार्थ : पेर – फांदीवरचा सांधा, खोचणे – आत रोवणे, खेप – वेळ, फेरी.

स्वाध्याय : (१) बरणी पाहून मामू गप्प का झाले? (२) नळाचे पाणी लगेच का वापरले नाही? (३) तुमच्या गावाजवळच्या तळ्यात कोणत्या वनस्पती वाढतात? न उपटता त्यांची चित्रे काढा.