खाऱ्या पाण्यातील तहान

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पापलेट, बांगडा यांसारख्या माशांच्या रक्तात हे प्रमाण त्याच्या जवळपास एकतृतीयांश असते. त्यामुळे त्यांच्या शरीरातील पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर झिरपते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा समुद्राचेच पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशेष पेशींद्वारे बाहेर टाकतो. मुशी मात्र रक्तात युरिया राखून ही तूट टाळते.

श्वसन व क्षारनियमन ही दोन्ही कार्ये कल्ल्यांवर अवलंबून असल्याने, खाडीत सोडलेल्या विषारी सांडपाण्याने कल्ल्यांना इजा झाली की मासा दुहेरी संकटात सापडतो. म्हणूनच किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी खाडी स्वच्छ राखणे म्हणजे मच्छीमारांची उपजीविका राखणेच होय.