उन्हाचं टाइमटेबल आणि आपलं टाइमटेबल

आर्किटेक्चरच्या मुली रात्र-रात्र जागून नेमकं करतात काय, हा प्रश्न होस्टेलवर मेकॅनिकल-कॉम्प्युटरच्या मैत्रिणींकडून हमखास येतो. चित्रं काढायची, माउंटबोर्ड कापायचे, फेव्हिकॉलने बोटं चिकटवून घ्यायची, यात इंजिनीअरिंग कुठे आलं? तिसऱ्या वर्षाला आमच्या वर्गाला डिझाइनसाठी जो विषय होता, तो मात्र आपल्या सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा आहे : साठ विद्यार्थ्यांचं होस्टेल आणि त्याला जोडून अभ्यासिका. त्या निमित्ताने जागा, उजेड आणि वापर यांचा जो अभ्यास झाला, तो इथे थोडक्यात मांडते. गणित फार नाही. जे आहे ते दहावीच्या त्रिकोणमितीत मावतं.

ऊन वेगळं, उजेड वेगळा

मराठीत ऊन आणि उजेड हे दोन शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. "उन्हात फिरू नकोस" आणि "उजेडात बसून वाच" ही दोन्ही वाक्यं एकच आई एकाच दिवशी म्हणते. पापड, गाद्या, ओले कपडे यांना ऊन लागतं. पुस्तकाला आणि ड्रॉइंग बोर्डला उजेड लागतो. ऊन थेट सूर्याकडून सरळ रेषेत येतं, सोबत उष्णता आणतं आणि दर तासाला जागा बदलतं. उजेड आकाशातून, ढगांतून, समोरच्या भिंतीवरून परतून येतो, त्यामुळे तो पसरलेला आणि सौम्य असतो. वहीवर पडलेला कवडसा फोटोत सुंदर दिसतो, पण त्या वहीत दहा मिनिटं वाचून बघा, डोळे दुखायला लागतात.

खिडकी मोठी केली की ऊन आणि उजेड दोन्ही वाढतात. त्यातलं काय आत घ्यायचं, कुठे घ्यायचं आणि किती वाजता घ्यायचं, हे ठरवणं म्हणजे डिझाइन. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या शीटवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला : "या खोलीत दुपारी साडेचारला कोण बसलंय आणि काय करतंय?" सगळा अभ्यास त्या प्रश्नातूनच पुढे गेला.

छज्जाचं गणित

हिशेबासाठी पुणे घेऊ. अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ९० वजा १८.५, म्हणजे ७१.५ अंशांवर असतो. २२ डिसेंबरला तो आणखी २३.५ अंश खाली, ४८ अंशांवर येतो. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. (माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७४ अंशांच्या जवळ. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर पुण्यात सूर्याचे बारा घड्याळात साडेबाराच्या सुमारास वाजतात.)

आता १.२ मीटर उंचीची खिडकी घ्या. तिच्यावर पूर्ण सावली पडायला छज्जा किती बाहेर हवा? खिडकीची उंची भागिले सूर्याच्या कोनाचा टॅन. दक्षिणेच्या खिडकीला मार्चमध्ये १.२ भागिले टॅन ७१.५, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटर. डिसेंबरात १.२ भागिले टॅन ४८, म्हणजे १.०८ मीटर. याचा अर्थ असा की आपल्याकडे नेहमी टाकतात तो ६० सेंटिमीटरचा साधा छज्जा फेब्रुवारीअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दक्षिणेचं दुपारचं ऊन पूर्ण अडवतो आणि थंडीत थोडं ऊन आत सोडतो. एवढं काम करणारा इतका स्वस्त भाग इमारतीत दुसरा नाही!

हाच छज्जा पश्चिमेला लावा. मार्चमध्ये घड्याळात साडेचार वाजून गेले की सूर्य जेमतेम २८ अंशांवर असतो. त्याच खिडकीला आता सुमारे २.२ मीटरचा छज्जा लागेल. तेवढा छज्जा म्हणजे गॅलरीच झाली. म्हणून पश्चिमेला छज्जा कामाचा नाही. तिथे उभे पडदे, जाळी, झाडं किंवा खोली-भिंतीच्या मधे आणखी एक जागा असं काहीतरी हवं. चारही बाजूंना एकाच मापाची खिडकी आणि एकाच मापाचा छज्जा असलेली इमारत दिसली, की समजावं, तिचा नकाशा काढताना सूर्य कुणी विचारात घेतलेला नाही.

उजेड आत किती जातो?

ढोबळ नियम असा, की खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो. लिंटल २.१ मीटरवर असेल तर ४.२ ते सव्वापाच मीटर. बारा मीटर खोल अभ्यासिकेला एकाच बाजूने खिडक्या दिल्या, तर निम्म्याहून जास्त टेबलांवर दिवसासुद्धा ट्यूब लावावी लागणार. खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करण्यात फायदा आहे तो यामुळे.

आपल्याकडच्या भारतीय मानकांत बाहेरच्या आकाशाचा उजेड हिशेबासाठी ८००० लक्स धरतात. त्यातला किती टक्के उजेड टेबलावर पोचतो, त्याला डेलाइट फॅक्टर म्हणायचं. एक टक्का म्हणजे ८० लक्स. वाचायला ३०० लक्स धरले तर पावणेचार टक्क्यांच्या आसपास हवेत. इथे रंगही कामाला येतो. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांशाच्या आसपास परत फेकते, गडद भिंत बराचसा गिळून टाकते.

हे तपासायला सॉफ्टवेअर आहेतच, पण आम्ही आधी पुठ्ठ्याची मॉडेल्स केली. बीमचं मॉडेल लहान केलं की ताकदीचा हिशेब बदलतो. उजेडाचं तसं नाही. पृष्ठभागांचे रंग खरे ठेवले, तर १:५० च्या मॉडेलमध्येही उजेड खऱ्या खोलीसारखाच पसरतो. बाजूला भोक पाडून मोबाइलचा कॅमेरा लावायचा. ढगाळ दिवशी उजेड तपासायचा, स्वच्छ दिवशी ऊन.

"पण आपण तर रात्री अभ्यास करतो!"

हा आक्षेप आमच्याच वर्गात आला आणि तो अगदी रास्त आहे. होस्टेलवर खरी पुस्तकं उघडतात ती रात्री नऊनंतर. मग सूर्याचा एवढा विचार कशाला?

उत्तर भिंतीत आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीला बाहेरची उष्णता आत पोचवायला साधारण सहा ते आठ तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीन-चारला पडलेलं ऊन रात्री नऊ-दहापासून आतल्या बाजूने जाणवू लागतं, म्हणजे नेमकं आपण टेबलाशी बसतो तेव्हा. स्लॅबखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पश्चिमेची बाजू खोल्यांना देऊ नये. तिथे जिना, संडास-बाथरूम, स्टोअर असं ठेवावं, म्हणजे जिथे कुणी तासन्‌तास बसत नाही अशा जागा.

पण पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळचा वारा पश्चिमेकडूनच येतो. ती बाजू बंद केली की वाराही बंद! यावर मी माझ्या आराखड्यात कपडे वाळवायची गॅलरी पश्चिमेला घेतली आणि तिला विटांची जाळी दिली. कपड्यांना ऊन हवंच असतं, खोलीला वारा हवा असतो. जाळीतून दोघांची सोय होते आणि उन्हाचा मारा गॅलरीतच थांबतो. पावसाळ्यात तिथे कपडे भिजणार, हा आक्षेप ज्युरीत आला. पाऊसही पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे चार महिन्यांसाठी सरकत्या झडपा द्याव्या लागल्या आणि खर्च वाढला. एक बाजू सोडवली की दुसरी उघडी पडते. या विषयाची गंमत आणि डोकेदुखी दोन्ही इथेच आहे.

दोन इमारतींचे धडे

लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदाची दोन कामं आम्ही मुद्दाम अभ्यासली. पहिलं अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं फिलिप्स एक्सेटर अकॅडमीचं ग्रंथालय, १९७२ सालच्या सुमाराचं. तिथे पुस्तकांची कपाटं मधल्या पट्ट्यात, थेट उन्हापासून दूर ठेवली आहेत आणि वाचकांची टेबलं बाहेरच्या भिंतीला लागून आहेत. पुस्तक घ्यायचं आणि उजेडाकडे चालत जायचं. प्रत्येक टेबलाला स्वतःची छोटी खिडकी आणि सरकती लाकडी झडप आहे. किती उजेड हवा ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

दुसरं अहमदाबादचं आयआयएम. काम १९६२ पासून सुरू झालं आणि बाळकृष्ण दोशी व अनंत राजे त्यात सहभागी होते. तिथली मोठी गोल भोकं सगळ्यांना पाठ असतात आणि दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शीटवर उमटतातही. पण त्या विटांच्या भिंतीमागे खोल पडव्या आहेत, हे फोटोत दिसत नाही. ऊन बाहेरच्या भिंतीत अडतं, खोलीत उजेड येतो. होस्टेलमध्ये दहा-दहा खोल्या एका जिन्याभोवती आणि चहाच्या जागेभोवती मांडल्या आहेत. लांबलचक कॉरिडॉर टाळून त्याची जागा गप्पांना आणि चर्चेला दिली.

या गोष्टीला पुढचा भागही आहे. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने त्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव आणला. भूकंपात झालेलं नुकसान, गळती, ढासळणारं बांधकाम अशी कारणं दिली. जगभरातून विरोध झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विषय पुन्हा आला. इमारत वाचवा म्हणणारे आणि गळक्या खोलीत राहणारे, दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. आम्ही त्यातून शिकलो ते हे, की सेक्शन काढताना सूर्यकिरणांच्या रेषेबरोबर पावसाच्या पाण्याचीही रेषा काढायची. उजेड उत्तम पण पन्हाळी तुंबलेली, अशी इमारत राहणाऱ्याच्या उपयोगाची नाही.

आपल्या खोलीत काय करता येईल?

मित्रमैत्रिणींनो, खोली बदलणं आपल्या हातात नाही, पण मांडणी आहे. खिडकीसमोर कपाट असेल तर ते हलवा, कारण खोलीतली सगळ्यात मोलाची जागा त्याने अडवलेली आहे. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. स्क्रीनची पाठ किंवा तोंड खिडकीकडे नको. काचांना वर्तमानपत्रं चिकटवण्याऐवजी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी शेडनेट लावायला मिळते का, ते रेक्टरांना विचारा. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तरच खोली थंड राहते. पडद्याशी अडलं तर तोपर्यंत उष्णता आत आलेली असते.

कर्मचारी वर्गालाही एक विनंती. होस्टेलची गॅलरी पत्रे ठोकून बंद करायची ठरली किंवा अभ्यासिका दुसरीकडे न्यायची ठरली, तर आधी त्या जागेत सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता एकदा उभं राहून बघावं. यात खर्च शून्य आहे.

आणि एक काम सगळ्यांसाठी. येत्या रविवारी याच तीन वेळांना आपल्या खोलीत कवडसा कुठे पडतो, ते कागदावर खोलीचा चौकोन काढून खुणेने दाखवा. मोबाइलच्या लक्स मीटरने टेबलावरचा आकडा घ्या. तो ढोबळ असतो, पण दोन टेबलांची तुलना करायला पुरतो. खोली क्रमांक आणि मजला लिहून कागद आमच्या स्टुडिओत आणून द्या. पुढच्या वर्गाला होस्टेलचाच विषय मिळाला, तर कामाची सुरुवात तुमच्या आकड्यांपासून करता येईल.