बाल्साच्या लांकडाचें विमान

विमानाची प्रतिकृति तयार करणें हा केवळ सुटींतला खेळ आहे, असें पुष्कळ पालकांस वाटतें. आमच्या मतें तो भूमिति, पदार्थविज्ञान, इतिहास व हस्तकौशल्य ह्या चारही विषयांचा एकत्र धडा आहे. मात्र प्रतिकृति दिसावयास हुबेहूब असून भागत नाहीं, ती उडालीही पाहिजे. ह्या दोन गोष्टींचें आपसांत पुष्कळदां जमत नाहीं. तें कसें जमवावें हें सांगण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

उदाहरणासाठीं आपण 'पुस मॉथ' हें विमान घेऊं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं श्री. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादेवरून, मुंबईच्या जुहू विमानतळावर जें विमान उतरविलें तें ह्याच जातीचें. तेथून पुढें बेल्लारी व मद्रासपर्यंत टपाल नेण्याचें काम नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं केलें. पुढें एअर-इंडिया म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा हा आरंभ होय. हें विमान डी हॅव्हिलंड ह्या इंग्रज कंपनीचें. तिच्या संस्थापकास दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांचा अभ्यास करण्याची आवड होती, म्हणून त्याच्या विमानांस पतंगांचीं नांवें मिळालीं. पुस मॉथचे पंख केबिनच्या छताशीं जोडलेले असून ते लांकडाचे व कापडानें मढविलेले होते. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता. एंजिन उलटें बसविलेलें असल्यामुळें पंख्याचा दांडा नाकाच्या वरच्या भागीं येई व वैमानिकास समोरचें चांगलें दिसे. प्रतिकृतींत ही खूण चुकली तर सगळा चेहराच बदलतो.

आतां लांकडाविषयीं. बाल्साचा वृक्ष मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेंतला. तो आपल्या रानांतील कांटेसावरीच्याच कुळांतला असून फार झपाट्यानें वाढतो. स्पॅनिश भाषेंत 'बाल्सा' म्हणजे तराफा. १९४७ सालीं थॉर हेयरडाल व त्याचे सोबती ह्याच लांकडाच्या तराफ्यावरून पेरू देशापासून पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत १०१ दिवसांत गेले. तरी हलकें म्हणून बाल्सा दुबळें समजूं नये. दुसऱ्या महायुद्धांतील 'मॉस्किटो' विमानाच्या धडांत पातळ प्लायवुडच्या दोन थरांमध्यें बाल्साचाच थर भरलेला असे.

बाल्साच्या सर्व फळ्या सारख्या वजनाच्या नसतात, म्हणून ती तराजूंत घालून घ्यावी. दीड मिलिमीटर जाडीची, ७५ मिलिमीटर रुंदीची व ९०० मिलिमीटर लांबीची फळी साधारण १०१ घन सेंटिमीटर भरते. ती १२ ग्रॅमांची असल्यास हलकी, १६ ग्रॅमांची असल्यास मध्यम, व २० ग्रॅमांची असल्यास जड समजावी. धडाच्या लांब काठ्यांस मध्यम लांकूड वापरावें. शेपटीस सर्वांत हलकें ठेवावें.

शेपटीस हलकें कां, तें पाहा. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या सुमारें एक-तृतीयांश अंतरावर सांभाळावा लागतो. त्या जागेपासून शेपटी लांब व नाक जवळ असतें. म्हणून शेपटीवर १ ग्रॅम वाढला कीं नाकांत दोन-अडीच ग्रॅम वजन घालावें लागतें. लहान मूल सी-सॉवर टोंकास बसून मोठ्या माणसास तोलतें, तोच हा नियम.

आतां थोडें गणित. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट ९ इंच व लांबी २५ फूट. १:२४ ह्या प्रमाणानें आपली प्रतिकृति १८ इंचांहून किंचित् अधिक रुंद व साडेबारा इंच लांब होईल. लांबी २४ पटींनीं कमी झाली म्हणजे पंखांचें क्षेत्रफळ ५७६ पटींनीं व घनफळ १३,८२४ पटींनीं कमी होतें. पूर्ण भरलेलें मूळ विमान सुमारें ९३० किलोग्रॅमचें होतें. त्या हिशेबानें प्रतिकृति ६७ ग्रॅमांची भरेल. परंतु रबराच्या पिळावर चालणाऱ्या ह्या विमानास तेवढें ओझें पेलणार नाहीं. वजन चौथाई केलें तर हवेंत तरंगण्यास लागणारा वेग निम्म्यावर येतो; म्हणून तयार विमान २० ते २५ ग्रॅमांत बसवावें.

आराखडा सपाट पाटावर ठेवून त्यावर मेणकागद पसरावा. धडाची एक बाजू टांचण्यांनीं पकडून जोडावी, तिच्यावरच दुसरी जोडावी, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या होतात. मग आडव्या काठ्यांनीं त्या जोडाव्यात. पंखांच्या फांसळ्या एकाच पत्र्याच्या नमुन्यावरून कापाव्यात. पातें नवें असावें, व लहान मुलांनीं तें वडील माणसांच्या देखरेखीखालींच हाताळावें. सरस बेताचा लावावा. सांध्याचें बळ सरसाच्या गोळ्यांत नसून लांकूड नीट बसण्यांत आहे. शेवटीं पातळ कागद खळीनें चिकटवून त्यावर पाण्याचे तुषार मारावेत. सुकतांना कागद ताणला जातो. तो वांकडा ओढूं नये म्हणून पंख पाटावर दाबून ठेवावा.

आतां सजावट. येथेंच पुष्कळांची प्रतिकृति जड होते. नोंदणीचीं अक्षरें 'व्हीटी-एडीएन' रंगानें न काढतां रंगीत कागदाचीं कापून चिकटवावीं. चाकें, एंजिनाचा धूरनळ व केबिनच्या कांचा दाखवाव्यात, कारण त्यांनीं विमान ओळखूं येतें. दुरून न दिसणारी बारीकसारीक कामगिरी गाळावी. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून खरा रंग ठरवितां येत नाहीं. जेथें पुरावा नाहीं तेथें कागदाचा मूळ रंगच ठेवणें प्रामाणिकपणाचें. आणखी एक सावधगिरी. १९८२ सालीं, वयाला ७८ वर्षें पूर्ण झालीं असतां, टाटांनीं कराची–मुंबई हा प्रवास पुन्हां केला, तो 'लेपर्ड मॉथ' विमानांतून. तीं चित्रें पाहून पुस मॉथ करूं नये.

उड्डाणासाठीं किहीमसारखा मोकळा किनारा उत्तम. मात्र वाऱ्याचें वेळापत्रक जाणलें पाहिजे. हिंवाळ्यांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वेळीं सोडलेलें विमान लाटांत जावयाचें. दिवस वर आल्यावर खारा वारा सुटतो व विमान सुरूच्या झाडांत अडकतें. ह्या दोहोंमधील शांत घटका साधावी. प्रथम पिळ न देतां, मऊ वाळूवर, खांद्याच्या उंचीवरून विमान सरळ सोडावें. नाक वर करून अडखळलें तर नाकांत थोडें मेण दाबावें. नाक खालीं घालून कोसळलें तर शेपटीच्या आडव्या पंखाची मागील कड किंचित् वर वांकवावी. एका वेळीं एकच बदल करावा, नाहीं तर कोणत्या उपायानें गुण आला तें कळत नाहीं. तरंगणें साधल्यावर प्रथम थोडेच पिळ द्यावे व मग वाढवावे.

ह्याच किहीम येथें १९३० सालीं डॉ. सलीम अली ह्यांनीं सुगरण पक्ष्याचें निरीक्षण केलें. नर गवताचीं पातीं विणून घरटें अर्धेंच बांधतो, मादी येऊन तें तपासते, व तिनें पत्करल्यावर मगच तो तें पुरें करतो. आमच्या विद्यार्थ्यांनींही हाच क्रम ठेवावा : आधीं सांगाडा, मग कागद, मग तरंगण्याची परीक्षा, आणि ती उतरल्यावर सजावट. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाचें विमान मोडलें तर दुसरें तयार आणून देऊं नये. मोडलेली फांसळी कोठें व कां मोडली हें त्यालाच शोधूं द्यावें. ती त्यानें स्वतः जोडली म्हणजे धडा पुरा झाला.